सातारा येथील नागरी हक्क मसुदालेखन कार्यशाळा: परीक्षण

सरकारच्या अधिकाराला मर्यादा घालणारी नागरिकांच्या हक्कांची नवी सनद आज लिहायची ठरवली, तर ती कशी लिहावी, हे लोकांना प्रत्यक्ष लिहायला लावून शिकवणारी एक कार्यशाळा यंदा साताऱ्यातील एका वाचनालयात रविवारी सकाळी भरत होती. काही वकील आणि राज्यशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक ती चालवतात. प्रवेशाला शिक्षणाची अट नाही आणि शुल्क चहाचा व छापील टिपणांचा खर्च भागेल एवढेच आहे. संविधानावरची व्याख्याने आपल्याकडे पुष्कळ होतात, २६ नोव्हेंबरला उद्देशिकेचे सामूहिक वाचनही होते. परंतु एखादे कलम कोऱ्या कागदावर स्वतः लिहून, ते शेजारच्या माणसाच्या हरकतींपुढे टिकते का, हे पाहण्याची संधी मिळत नाही. ती संधी येथे मिळते, म्हणून एक मोठी उणीव असूनही ही कार्यशाळा प्रत्येक जागरूक नागरिकाने करावी, असे माझे मत आहे.

सुरुवातीलाच सर्वांना भाषणस्वातंत्र्याचे कलम लिहायला सांगितले गेले. बहुतेकांनी ‘प्रत्येक नागरिकाला भाषणस्वातंत्र्य असेल’ असे लिहिले. त्यावर मार्गदर्शकांनी विचारले की या वाक्याने नेमके कोणाचे हात बांधले जातात: संसदेचे, जिल्हाधिकाऱ्यांचे, नगरपालिकेचे, की कोणाचेच नाही? १७९१ मध्ये अमलात आलेल्या अमेरिकेच्या हक्कांच्या सनदेतील पहिली दुरुस्ती थेट तेथील काँग्रेसला, म्हणजे संसदेला, उद्देशून आहे; भाषणस्वातंत्र्याला बाधा आणणारा कायदा तिने करू नये, असे ती दुरुस्ती बजावते. आपल्या संविधानातील समानतेविषयीचा चौदावा अनुच्छेदही राज्याला उद्देशून आहे. ‘राज्य’ म्हणजे कोण, हे बाराव्या अनुच्छेदात सांगितले आहे आणि मूलभूत हक्कांशी विसंगत असलेला कायदा तेवढ्यापुरता शून्यवत ठरेल, असे तेरावा अनुच्छेद सांगतो. हे तीन अनुच्छेद एकत्र वाचून घेतल्यावर वर्गातील मसुद्यांचा रोख बदलला आणि पुढच्या प्रत्येक कलमात कर्ता म्हणून शासन येऊ लागले.

कार्यशाळेचा खरा कस लागला तो निर्बंधांच्या सत्रात, आणि आयोजकांनी या विषयाला भरपूर वेळ दिला, हे त्यांचे सर्वांत मोठे श्रेय आहे. हक्काचे वाक्य कोणीही सुंदर लिहू शकते. तो हक्क कोणत्या कारणासाठी, किती काळ, कोणाच्या सहीने आणि कोणत्या पुराव्यावर आवळता येईल, हे लिहिताना लेखणी अडखळते. अभ्यासासाठी परदेशातील निकाल न घेता महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७(१) व (३) खालील मनाई आदेशाचा नमुना घेतला होता. सण, निवडणुका, आंदोलने जवळ आली की असे आदेश निघाल्याच्या बातम्या सातारा आणि सांगलीच्या वर्तमानपत्रांत आपण नेहमी वाचतो. जमाव आणि मिरवणुकीवरील बंदी राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपेक्षा अधिक काळ चालू ठेवता येत नाही, असे कायदा म्हणतो. पण एक आदेश संपताच दुसरा काढला, तर त्या मर्यादेचे काय उरते, हा प्रश्न वर्गातल्या एका शिक्षिकेने विचारला आणि त्यावरची चर्चा बराच वेळ थांबली नाही.

त्याच ओघात १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीचा इतिहास समजावून सांगितला गेला, आणि तो फार प्रामाणिकपणे सांगितला गेला. त्या दुरुस्तीने भाषणस्वातंत्र्यावर निर्बंध घालण्याची कारणे वाढवली, सार्वजनिक सुव्यवस्थेचे कारण त्यात आणले. पण त्याच दुरुस्तीने हे निर्बंध वाजवी असले पाहिजेत, अशी अट घातल्यामुळे ते तपासण्याचा अधिकारही न्यायालयांना मिळाला. दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या संविधानातील छत्तिसावे कलम याहून पुढे जाते: हक्काचे स्वरूप, निर्बंधाचे प्रयोजन, त्याची व्याप्ती, आणि तेच साध्य करण्याचा कमी जाचक मार्ग उपलब्ध होता का, हे सगळे तपासायला ते सांगते. आमच्या गटाने याच्या आधारे लिहिलेल्या कलमात निर्बंधाची कारणे लेखी देणे, आदेश त्या भागात मराठीत प्रसिद्ध करणे, त्याच कारणासाठी लागोपाठ दुसरा आदेश काढण्यास मनाई, आणि निर्बंध आवश्यक होता हे सिद्ध करण्याचा भार शासनावर, अशा अटी आल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये पुसेसावळीतील हिंसाचारानंतर जिल्ह्यात इंटरनेट बंद ठेवले गेले होते, त्यामुळे हे कलम लिहिताना दोन्ही बाजू लोकांना अनुभवाने ठाऊक होत्या. अफवा थांबवण्याची निकडही खरी होती आणि बंदीच्या काळात व्यवहार खोळंबलेल्यांचे नुकसानही खरे होते. इंटरनेट बंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्येच सांगितले आहे, ही माहिती वर्गातील बहुतेकांना नवी होती.

आणीबाणीचे सत्र मात्र घाईत उरकले. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने स्थानबद्धांना न्यायालयाचे दार बंद केले, न्यायमूर्ती हंसराज खन्ना एकटे विरोधात उभे राहिले, आणि १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनंतर आणीबाणीतही विसाव्या (गुन्ह्यांच्या शिक्षेबाबतचे संरक्षण) व एकविसाव्या (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य) अनुच्छेदांची अंमलबजावणी थांबवता येत नाही, एवढे सांगून विषय पुढे गेला. कोणते हक्क कधीच स्थगित होणार नाहीत, त्यांची यादी लिहून घेतली असती तर बरे झाले असते.

याउलट प्रतिसरकारवरची, म्हणजे ब्रिटिश राजवटीविरुद्ध उभारलेल्या समांतर सरकारवरची, चर्चा मला अनपेक्षितपणे मोलाची वाटली. १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातील गावांतही, न्यायदान मंडळे चालवली, दरोडेखोर आणि खबरे यांना शिक्षा केल्या. या लढ्याविषयी येथल्या प्रत्येक घरात आदर आहे आणि तो माझ्याही मनात आहे. तरीही मसुदा लिहिणाऱ्याने विचारलेच पाहिजे की आपल्याच माणसांनी, आपल्याच भल्यासाठी चालवलेल्या सत्तेपुढे आरोपी म्हणून उभ्या राहिलेल्या माणसाला बाजू मांडायला आणि अपील करायला जागा कोठे असते? परक्या सरकारला मर्यादा घालावी हे सर्वांना सहज पटते. आपल्या आवडत्या सरकारलाही तेवढीच मर्यादा लागते, हे पटायला वेळ लागतो, आणि मार्गदर्शकांनी तो वेळ दिला. प्रतिसरकारमध्ये घरातील माणसे असलेल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी हा प्रश्न रास्त असल्याचे शांतपणे सांगितले, तेव्हा आरोपीच्या हक्कांचे कलम एकमताने मंजूर झाले.

मालमत्तेच्या कलमावर पाटण भागातून आलेल्या मंडळींनी आग्रह धरला. मालमत्तेचा हक्क चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मूलभूत हक्कांच्या भागातून काढून तीनशे ‘अ’ अनुच्छेदात ठेवला गेला. कोयना धरणासाठी गावे उठली आणि कित्येक कुटुंबांचे पुनर्वसन दशकानुदशके रेंगाळले, हे या जिल्ह्याला सांगावे लागत नाही. मोबदला आणि पर्यायी जमीन प्रत्यक्ष हाती येईपर्यंत ताबा घेता येणार नाही, असे कलम अखेर मसुद्यात आले आणि माझ्या मते संपूर्ण मसुद्यातील सर्वांत नेटके कलम तेच आहे.

आता उणीव. अंतिम मसुद्यात हक्कभंग झाल्यास दाद कोठे मागायची, याविषयी एकच त्रोटक ओळ आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या अनुच्छेदाला संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटले तो बत्तिसावा अनुच्छेद दाद मागण्याविषयीचाच आहे. त्यांचे शालेय शिक्षण जेथे सुरू झाले त्या साताऱ्यातील वर्गात या विषयाला शेवटचा अर्धा तास मिळावा, हे खटकले. टिपणांत उच्च न्यायालयासाठी मुंबईचाच उल्लेख आहे, जेव्हा की १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर येथील सर्किट बेंचचे (फिरत्या खंडपीठाचे) कामकाज सुरू झाले असून सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे तिच्या कक्षेत आहेत. माण किंवा जत तालुक्यातील माणसासाठी हा फरक प्रवासभाड्याचा, बुडालेल्या मजुरीचा आणि म्हणून हक्क वापरता येण्या-न येण्याचा आहे. याहूनही महत्त्वाचे म्हणजे बत्तिसाव्या अनुच्छेदाच्या तिसऱ्या खंडानुसार संसद कायदा करून इतर न्यायालयांनाही त्यांच्या स्थानिक हद्दीत हे अधिकार देऊ शकते. नव्या सनदेचा विचार करणाऱ्यांनी हा खंड केंद्रस्थानी ठेवून जिल्हा न्यायालयाला निदान मनाई आदेश आणि बेकायदा अटकेबाबत तातडीने सुनावणी घेण्याचा अधिकार सुचवायला हवा होता.

औंध संस्थानाचा उल्लेखही केवळ ओझरता आला. १९३९ मध्ये औंधच्या राजांनी स्वतःची सत्ता लेखी राज्यघटनेने प्रजेकडे सोपवली, कारभाराचा पाया ग्रामपंचायतींवर रचला आणि हा प्रयोग आजच्या सांगली जिल्ह्यातील आटपाडी व कुंडल येथेही झाला, कारण ते भाग त्या संस्थानात होते. सत्ताधाऱ्याने स्वतःलाच मर्यादा घालून घेतल्याचे इतके जवळचे उदाहरण असताना अमेरिकेची राज्यघटना जेथे लिहिली गेली त्या फिलाडेल्फियावर संपूर्ण सकाळ खर्च करण्याचे कारण मला समजले नाही.

टिपणांची मराठी स्वच्छ आहे. मात्र निकालपत्रांचे उतारे इंग्रजीतच छायाप्रतीने दिले होते आणि काही जणांना ते वाचता आले नाहीत. त्यांचा मराठी सारांश, दाद मागण्याविषयी स्वतंत्र सत्र आणि औंधची राज्यघटना, या तीन गोष्टी पुढच्या वर्गात घ्याव्यात, असे मी आयोजकांना लेखी कळवले आहे.