मोठ्या अक्षरातलं मराठी बायबल : आठ महिने वापरून

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी जुन्या बायबलची बारीक अक्षरं वाचता येईनात. म्हणून गेल्या नाताळात मुलीने मोठ्या अक्षरातलं आणून दिलं. तेव्हापासून रोज पहाटे वाचतोय.

आधी वस्तूबद्दल. भाषांतर आमच्या नगरकडच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपासनेला वाचतात तेच. छपाई ठसठशीत, ओळींमध्ये मोकळी जागा, भिंग लागत नाही. मात्र ६६ पुस्तकं एवढ्या अक्षरात म्हणजे ग्रंथ चांगलाच जड झालाय. हात भरून येतात, म्हणून मी पाटावर ठेवून वाचतो. कागद पातळ आहे, मागच्या पानावरचा मजकूर दिसतो. स्तोत्रसंहितेपाशी शिवण सैल झालीय.

सगळ्यात मोठी उणीव म्हणजे यात वचनांचे संदर्भ, म्हणजे एका वचनाशी जुळणारी दुसरी वचनं कुठे आहेत त्या नोंदी, नाहीत. जुन्या प्रतीत होते. ते का महत्त्वाचे, ते माझ्यापुरतं सांगतो.

मी २२ वर्षं एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होतो. भरलेल्या गाडीचं वजन, मग रिकाम्या गाडीचं, वजाबाकी करून पावती. वरून सांगणं यायचं आणि मी काटा मारायचो. त्यातले थोडे पैसे माझ्या खिशातही यायचे. रविवारी उपासनेत रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं म्हणायचो. पापकबुलीची प्रार्थना सगळी मंडळी मिळून म्हणते, 'आम्ही पाप केले' अशी. त्या 'आम्ही'त मी लपून जायचो.

फेब्रुवारीत रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय आला. शेवटचं, २३वं वचन लहानपणापासून पाठ आहे: पापाचं वेतन मरण. पण पाठ असलेलं आपण वाचत नाही. त्या दिवशी मोठ्या अक्षरात एकेक शब्द वाचावा लागला, आणि पुढचा शब्द दिसला, कृपादान. वेतन कमवावं लागतं, दान कमवता येत नाही. मी मात्र इतकी वर्षं कमवत होतो. मंडळीला सतरंज्या दिल्या, कापणीच्या सणाला बाजरीची पोती दिली, सगळं त्या काट्याची भरपाई म्हणून. किती दिलं तरी पारडं भरेना, रात्री झोप लागेना. ते पारडं ख्रिस्ताने वधस्तंभावर आधीच भरलंय, हे त्या पहाटे मला उमगलं. मग मी 'आम्ही' नाही, 'मी' म्हणून कबुली दिली. मोठ्याने दिली. घरची जागी झाली, तिलाही सगळं सांगितलं.

त्यानंतर लूकच्या १९व्या अध्यायातला जक्कय, तो श्रीमंत जकातदार, नव्याने वाचला. येशू आधी त्याच्या घरी उतरतो, फसवून घेतलेलं चौपट परत द्यायचं तो नंतर बोलतो. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. परतफेड करून क्षमा मिळत नाही, क्षमा मिळाली की परत दिल्याशिवाय राहवत नाही. चौपट कुठून आलं ते पाहायला जुनी प्रत काढली. संदर्भ जुन्या करारातल्या निर्गम पुस्तकाच्या २२व्या अध्यायाचा निघाला, चोरलेल्या एका मेंढरामागे चार मेंढरं. चौपट मला झेपणारं नव्हतं. पानं चाळताना पुढच्याच लेवीय पुस्तकाच्या ६व्या अध्यायात मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा परत द्यायचं सापडलं. तेवढं जमत होतं.

तीन शेतकरी पक्के आठवत होते. दोघांच्या घरी जाऊन सांगितलं, पैसे दिले. एकजण बराच वेळ काही बोलला नाही, मग त्याने नातीला चहा ठेवायला सांगितलं. तिसरे वारलेत. त्यांच्या सुनेने पैसे मोजून घेतले आणि कशाबद्दल ते कागदावर लिहून मागितलं. लिहून दिलं.

घेणार असाल तर दुकानात शिवण उघडून बघा, आणि संदर्भवाली जुनी प्रत असेल तर ती कुणाला देऊन टाकू नका. खुणा शिसपेन्सिलीने करा. मी रोमकरांसच्या त्या पानावर बॉलपेनने रेघ मारली, ती मागच्या पानावर उमटली आहे.