नागपुरातील उन्हाळी शाकुहाची वर्ग : स्वर घोटण्याचा भाग उत्तम, समारोपाची घाई मात्र नको

धरमपेठ भागातील एका संगीत विद्यालयाने यंदा मे महिन्यात शाकुहाची या जपानी बांबूच्या बासरीचा प्राथमिक वर्ग घेतला. नागपुरात उन्हाळी वर्ग म्हटले की तबला, हार्मोनियम, सुगम गायन आणि अलीकडे गिटार एवढेच पर्याय समोर येतात. त्यामुळे या वर्गाची चौकशी करणारे बरेच जण भेटले आणि त्यांच्यासाठीच हे सविस्तर लिहीत आहे. या वर्गाचा पहिला भाग, ज्यात विद्यार्थ्याकडून केवळ फुंकर आणि एकच स्वर घोटून घेतला जातो, तो इतका मोलाचा आहे की तेवढ्यासाठीही नाव घालावे. शेवटचा भाग समारोपाच्या कार्यक्रमाच्या तयारीत जातो. तो या वाद्याच्या प्रकृतीशी जुळत नाही आणि विद्यालयाने त्याचा फेरविचार करावा, असे मला मनापासून वाटते.

शाकुहाची आपल्या बासरीसारखी आडवी धरत नाहीत, सनईसारखी समोर उभी धरतात. तिची प्रचलित लांबी जपानी मापात एक शाकु आणि आठ सुन, म्हणजे सुमारे 54.5 सेंटिमीटर असते. पुढच्या बाजूला चार छिद्रे आणि मागे अंगठ्यासाठी एक, अशी एकूण पाचच छिद्रे असतात. वरचे टोक उघडे असून त्याच्या कडेला एक तिरका छेद दिलेला असतो. बासरीत फुंकर घालण्याचे छिद्र तयार मिळते. येथे मात्र उघड्या टोकाचा बहुतेक भाग वादकाने आपल्या हनुवटीने आणि खालच्या ओठाने झाकायचा असतो आणि उरलेल्या अरुंद फटीतून हवेचा पातळ पट्टा त्या छेदाच्या धारेवर नेमका पाडायचा असतो. कोन किंचित चुकला तरी नुसती हवा निघून जाते. म्हणूनच वर्षानुवर्षे बासरी वाजवणारे आणि हातात प्रथमच वाद्य घेतलेले असे दोघेही या वर्गात पहिल्या दिवशी एकाच पायरीवर उभे होते.

सरांनी या टप्प्यावर कोणतीही घाई केली नाही. सगळी छिद्रे बंद ठेवली की जो खालचा स्वर येतो, त्याला ‘रो’ म्हणतात. या लांबीच्या वाद्यात तो हार्मोनियमवरील पांढरी दोनचा स्वर असतो. तानपुरा पांढरी दोनमध्ये लावून हा एकच स्वर दीर्घ श्वासात लावत राहायचा, या रियाजाला जपानीत रो-बुकी म्हणतात आणि मुरलेले वादकही तो सोडत नाहीत. प्रत्येकाला एक लहान आरसा दिला होता, त्यात ओठांची फट तीळभर तरी सरकली का ते पाहायचे. वर्ग सकाळी लवकर ठेवण्याचे कारण केवळ ऊन नव्हते. कूलर सुरू असला की त्याच्या घरघरीत फुंकरीची सळसळ बुडून जाते आणि आपला स्वर स्वच्छ लागला असा भ्रम होतो. म्हणून रो-बुकीच्या वेळी सर कूलर बंद करायला लावत. घामाने हनुवटी निसटायची, तरीही हा आग्रह योग्यच होता. सुरुवातीला काहींना भोवळ आल्यासारखे झाले, तेव्हा त्यांना बसवून, पाणी देऊन, पोटातून श्वास कसा सोडायचा ते पुन्हा दाखवले गेले. शिकवण्यातली ही आस्था मला सर्वांत भावली.

त्यानंतर आली ‘मेरी’. बासरीवर आपण मींड घेतो, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जातो, ती छिद्रावरून बोट सरकवून. येथे हनुवटी खाली घेतली की ओठ आणि धार यांमधले अंतर कमी होते व स्वर उतरतो, आणि वर केली की चढतो. उतरवण्याच्या क्रियेला मेरी आणि चढवण्याच्या क्रियेला कारी म्हणतात. स्वरांचे आंदोलनही मानेच्या हालचालीतूनच येते. मान डोलवायला शिकण्यात तीन वर्षे जातात, अशा अर्थाची म्हण जपानी वादकांमध्ये रूढ आहे. माझ्या शेजारी बसणाऱ्या काकू संपूर्ण मान पुढे झुकवत असत आणि स्वर मध्येच तुटत असे. सरांनी त्यांच्या कपाळासमोर तळहात धरला आणि म्हटले, “काकू, डोकं माझ्या हाताला लागू देऊ नका, फक्त हनुवटी गळ्याकडे घ्या.” पुढच्याच फुंकरीला कोमल रिषभ लागला, थोडा मंद, धुरकट, पण अखंड.

हिंदुस्थानी संगीत शिकलेल्यांसाठी सरांनी केलेली मांडणी विशेष उपयुक्त ठरली. रोला षड्ज मानून छिद्रे एकेक करून मोकळी करत गेले की षड्ज, कोमल गांधार, मध्यम, पंचम आणि कोमल निषाद, म्हणजे सरळसरळ धानी रागाचे स्वर मिळतात. जपानी संगीतात वारंवार येणारी, कोमल रिषभ आणि कोमल धैवत असलेली पंचस्वरी मात्र आपल्या गुणकली रागाच्या स्वरांशी जुळते, आणि तिच्यातले हे दोन कोमल स्वर मेरीशिवाय निघत नाहीत. स्वर जुळले तरी राग होत नाही, हेही त्यांनी आवर्जून बजावले. स्वरलिपीबाबत मात्र एक सूचना करावीशी वाटते. मूळ लिपी जपानी अक्षरांत उभ्या ओळींत, उजवीकडून डावीकडे लिहिलेली असते आणि विद्यालयाने ती रो, त्सू, रे, ची, री अशी देवनागरीत करून दिली. यातला ‘रे’ आपल्या मध्यमाच्या जागी येतो. सरगमची सवय असलेल्यांचा गोंधळ होणारच, तेव्हा अक्षरांखाली आपले स्वर बारीक टाइपात छापले तर बरे होईल.

वाद्यांची सोय चांगली होती. वर्गापुरते प्रत्येकाला एबीएस प्लास्टिकचे शाकुहाची वापरायला दिले आणि त्याचे भाडे शुल्कातच धरले होते. बांबूचे का नाही, असा प्रश्न काही पालकांनी विचारला. गडचिरोली-चंद्रपूरच्या बांबूचे पट्टे इतके जवळ असताना तो स्वाभाविकही आहे. परंतु हे वाद्य मदाके जातीच्या बांबूच्या मुळाकडच्या जाड भागातून करतात, त्यात साधारणपणे सात पेरे साधली जातात, आणि आपल्याकडचा मानवेल बराचसा भरीव असतो. शिवाय नागपूरच्या मे महिन्यातील कोरड्या हवेत जपानी बांबूला तडा जाण्याचा धोका मोठा असतो. सरांचे स्वतःचे बांबूचे वाद्य वादन संपताच आतून पुसून बंद प्लास्टिकच्या पिशवीत जात असे, आणि त्यावर एके ठिकाणी तडा आवळण्यासाठी दोरा गुंडाळलेला होता.

इतिहासाला एकच तास मिळाला, पण तो नेटका होता. विणलेली टोपली डोक्यावरून पूर्ण चेहरा झाकेल अशी घालून, शाकुहाची वाजवत भिक्षा मागणारे फुके या झेन बौद्ध पंथाचे कोमुसो भिक्षू, 1871 मध्ये जपानच्या मेइजी सरकारने त्या पंथावर आणलेली बंदी आणि त्यानंतर मैफलीचे वाद्य म्हणून शाकुहाचीने धरलेला मार्ग, एवढे त्यात आले. दीक्षाभूमी आणि कामठीचे ड्रॅगन पॅलेस बौद्ध मंदिर यांमुळे जपानी बौद्ध परंपरेशी ओळख असलेल्या या शहरात फुंकरीलाच ध्यान मानणाऱ्या पंथाबद्दल ऐकताना अनेक जण सावरून बसले. या विषयाला आणखी वेळ द्यायला हवा होता.

तो वेळ कुठे गेला, हे सांगणे भाग आहे. शेवटच्या काही दिवसांत समारोपासाठी सर्वांकडून एक जपानी लोकधून बसवून घेण्यात आली. ज्यांचा रो नुकताच स्थिर होत होता, त्यांना अचानक तालात, समूहात आणि वरच्या सप्तकात वाजवायला लावले. मेरीचे स्वर घाईत वर राहू लागले आणि काही लहान मुले नुसती बोटे हलवत उभी राहिली. पालकांना काहीतरी ऐकवावे, ही विद्यालयाची अडचण मी समजू शकतो, परंतु प्रत्येकाने तानपुऱ्यावर एक रो आणि एक मेरी ऐकवली असती, तर शिकवलेल्या कष्टाचे चीज झाले असते. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. जूनपासून पुढे शिकण्याची कोणतीही व्यवस्था नाही. निदान महिन्यातून दोनदा रो-बुकीसाठी विद्यालयाचे दालन उघडे ठेवावे, अशी लेखी विनंती आम्ही काही जणांनी केली आहे.

पुढच्या वर्षी येऊ इच्छिणाऱ्यांनी दहा-अकरा वर्षांखालील मुलांना आणण्यापूर्वी त्यांची बोटे छिद्रांपर्यंत पोचतात का, ते प्रत्यक्ष वाद्यावर पाहून घ्यावे. स्वतःचे वाद्य घ्यायचे झाल्यास सुरुवातीला एक शाकु आठ सुन लांबीचे प्लास्टिकचेच घ्यावे, कारण वर्गातील तानपुरा आणि स्वरलिपी दोन्ही त्याच लांबीला धरून आहेत.