पूर्व भागातलं झेरॉक्स-रिसोचं दुकान : माझ्याकडून चार स्टार (कोविडचा हिशोब धरून)

शिक्षकांच्या ग्रुपवर परत कुणीतरी विचारलंय की सोलापुरात वर्कशीट, चाचणीचे पेपर स्वस्तात आणि वाचता येतील असे कुठं छापून मिळतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, दरवेळी तेच तेच टाईप करायला नको. दुकानाचं नाव टाकत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत आणि दुकानाचे मालक अण्णा, त्यांना वाईट वाटेल. अशोक चौकाच्या पुढं, यंत्रमागाची खटखट चालू असते त्या भागातल्या एका बोळात आहे, तिकडच्या शाळांतल्या लोकांना एवढ्यावरून कळेल. बाकीच्यांना पत्ता मेसेज करून सांगते.

दिसायला काहीच नाही हो. एक शटर, आत दोन झेरॉक्स मशीन, एक रिसो (एकाच पानाच्या भरपूर कॉप्या छापायचं मशीन), लॅमिनेशनचं मशीन आणि कोपऱ्यात कॉम्प्युटर, त्याच्यावर अण्णांचा मुलगा बसतो. अण्णा घरात तेलुगू, माझ्याशी मराठी, शेजारच्या दुकानदाराशी हिंदी आणि मशीन अडकलं की तिन्ही एकदम. पण टायपिंगला मराठी, इंग्रजी दोन्ही चालतं आणि मुलाला शाळेच्या पेपरचा साचा पाठ आहे, गुण उजव्या कडेला, रिकाम्या जागा एका लाईनीत, हे सांगावं लागत नाही.

आता मुद्द्याचं, झेरॉक्स की रिसो. नवीन लोकांना फरक माहीत नसतो आणि पैसे वाया जातात. रिसोला एका पानाचा एक मास्टर, म्हणजे छपाईचा साचा, काढावा लागतो, त्याचा खर्च एकदाच, मग त्याच्यावरून कितीही कॉप्या काढा, प्रत्येक कॉपी एकदम किरकोळ पडते. म्हणजे शंभर-दीडशे पोरांचा एकच पेपर असेल तर रिसो, आणि वर्गात तीसच पोरं असतील तर साधी झेरॉक्स. ही गोष्ट अण्णा स्वतःहून सांगतात, हा मोठा प्लस पॉइंट, बाकी ठिकाणी जे महाग पडेल तेच गळ्यात मारतात. रिसोत फोटो नीट येत नाहीत, रेघांची चित्रं मात्र झकास येतात. आंबा, मोर, घड्याळ काढायचं असेल तर काळ्या पेनानं स्वतः काढा, गुगलवरचा रंगीत मोर दिला की काळा गोळा छापून येतो.

चार स्टारपैकी निदान दोन स्टार मात्र कोविडचे आहेत, म्हणून ते सांगितल्याशिवाय हा रिव्ह्यू अर्धाच राहील.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, दहावीचा भूगोलाचा पेपर तर झालाच नाही, आणि एप्रिलमध्ये सोलापुरातला पहिला पेशंट पाच्छा पेठेत सापडला, म्हणजे आमच्या बाजूलाच. बांबू लावून बोळ बंद. जूनमध्ये वर्ष सुरू करा म्हणाले तेव्हा सगळ्यांसारखा आम्ही पण वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला, व्हिडिओ टाकले, दीक्षा या सरकारी अ‍ॅपच्या लिंक टाकल्या. आता आमच्या पालकांचं बघा, वडील कारखान्यात मागावर, आई घरात विड्या वळणार. फोन घरात एकच आणि तो वडिलांच्या खिशात, शिफ्ट सुटून ते घरी येणार तेव्हा पोरगं झोपलेलं. निळी टिक दिसायची आणि आम्ही खूश व्हायचो की पोचलं, पण ती टिक बापाची होती, पोराची नाही.

सरकारी सोयी वाईट होत्या असं मी अजिबात म्हणणार नाही. बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आधीपासून होतेच, आणि ती क्यूआरची कल्पना ज्यांनी आपल्या वर्गात लवकर राबवली ते रणजितसिंह डिसले सर आपल्याच जिल्ह्यातले, तेव्हा माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेत होते. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, दहा लाख डॉलर, आणि त्यातले अर्धे त्यांनी बाकीच्या नऊ फायनलिस्टना वाटून टाकले, त्या दिवशी आमच्या ग्रुपवर पेढ्यांचे एवढे फोटो आले की फोन हँग व्हायची वेळ. दूरदर्शन सह्याद्रीवर २० जुलै २०२० पासून पहिली ते आठवीची ‘टिलीमिली’ मालिका सुरू झाली, ती मला स्वतःला फार आवडली कारण तिला नेट लागायचं नाही आणि ती पाठ वाचून न दाखवता काहीतरी करून बघायला सांगायची. नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर दर आठवड्याला प्रश्न येणारी ‘स्वाध्याय’ आली. पण एका खोलीत तीन पोरं तीन वर्गांतली, टीव्ही एक, आणि आजीला बातम्या बघायच्या, कारण पेशंट किती झाले ते कळायला पाहिजे ना.

मग आमच्या मुख्याध्यापिका बाईंनी सांगितलं, कागद पाठवा. शाळेचं गेट बंद, आम्ही निम्मे जण सर्व्हेच्या ड्युटीवर, घरोघरी ताप आणि ऑक्सिजन मोजत फिरतोय, मग कागद वाटणार कोण? पोषण आहाराचा तांदूळ आणि डाळ पालकांना वाटायची होती तेव्हा एकदा सोबत वर्कशीटचा गठ्ठा दिला, पण तांदूळ काही दर आठवड्याला नसतो. तेव्हा अण्णा म्हणाले, बाई, इथं ठेवा की, माझं दुकान त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवरच आहे. बायका विडी कारखान्यात पानं-तंबाखू आणायला आणि वळलेल्या विड्या द्यायला जातात, येताना घेऊन जातील.

मूळ कागद आम्ही शनिवारी द्यायचा, सोमवारी इयत्तेप्रमाणे सेट लावून तयार. दारात चुन्याचे गोल, दोरी बांधलेली, आत कुणाला सोडायचे नाहीत. भरलेली वर्कशीट टाकायला एक खोकं, ते आम्ही दोन दिवस उन्हात ठेवून मग तपासायचो, तेव्हा कागदाची पण भीती वाटायची, आज हसू येतं. जुलैत परत कडक लॉकडाऊन लागला तेव्हा शटर बंद होतं तरी वरच्या खिडकीतून पिशवी खाली सोडून सेट दिलेत त्यांनी. छपाईचे पैसे घेतले, फुकट काही केलं नाही, ते पण स्पष्ट लिहिते. पण सेट लावायचे, पिन मारायचे, वाटायचे पैसे कधी मागितले नाहीत.

आणि त्यातनं अशी एक गोष्ट झाली जी कुठल्याच अ‍ॅपनं आम्हाला दिली नव्हती. अण्णांना कळायचं कोण आलं नाही ते. त्यांनी हजेरी वगैरे काही ठेवली नव्हती, पण उरलेल्या गठ्ठ्यावरून आणि तोंडओळखीवरून सांगायचे, बाई, ती तिसरीतली दोन वेण्यांची पोरगी, तिची आई दोन सोमवार आली नाही बघा. आम्ही चौकशी केली तर कारखाना बंद म्हणून कुटुंब गावाकडं गेलेलं, पोरगी तिथं अशीच बसलेली. मग तिकडच्या झेडपीच्या गुरुजींचा नंबर मिळवून तिला तिथल्या वर्गाला जोडून दिली. ग्रुपवर तिच्या वडिलांचा नंबर होता, निळी टिकही येत होती, आणि आम्हाला पत्ता नव्हता. त्यानंतर आम्ही सोमवारी संध्याकाळी आधी दुकानातला उरलेला गठ्ठा बघायचो, मग फोन उघडायचो.

वर्कशीट कशी असावी हे पण तिथंच कळत गेलं. पहिले कागद परत आले तेव्हा सगळ्यांचं अक्षर सुंदर, सगळी उत्तरं बरोबर, कारण दादाने नाहीतर ताईने लिहिलेली. मग आम्ही पेपरसारखे प्रश्न काढून टाकले आणि घरात जे दिसतंय त्याचे प्रश्न घातले. एका कट्ट्यात २५ विड्या तर हजार विड्यांचे कट्टे किती, मजुरी हजाराच्या हिशोबानेच मिळते त्यामुळे आई लगेच सांगते आणि पोरगं विचारतं कसं काय, तिथं भागाकार सुरू होतो. (पोरांनी विड्या वळाव्यात असा अर्थ कुणी काढू नका, समोर पडलेलं मोजायला सांगितलं एवढंच.) टॉवेलचे डझन, चादरीची लांबी वितीने मोजा, घरातल्या माणसांना विचारून शेंगाच्या चटणीची कृती पाच वाक्यांत लिहा. असल्या कागदांवर खाडाखोड आली, तेलाचे डाग आले, शब्द चुकले, म्हणजे पोरानंच लिहिलंय हे कळलं.

आपल्याकडं नीलमनगरात शाळेनं घरांच्या भिंतींवरच पाढे, मुळाक्षरं, व्याकरण रंगवून घेतलं होतं, तेव्हा देशभर बातमी झाली होती त्याची. काही जण विचारतात की भिंत चांगली की कागद. भिंत एकदा रंगवली की झेरॉक्सचा खर्च नाही, येता जाता दहा वेळा नजर पडते, फोन नसलेल्या पोराला पण तेवढंच मिळतं, त्यामुळं पाढे आणि शब्दार्थाला भिंतीला तोड नाही. फक्त भिंत आपलं सांगते, पोराचं ऐकत नाही. त्याला काय आलं, कुठं अडलं, त्यासाठी कागदच लागतो. दोन्ही असेल तर उत्तमच.

२०२१ च्या १ जुलैपासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यास आला, मागच्या वर्षाचं राहिलेलं भरून काढायला, दर पंधरा दिवसांनी चाचणी. त्याच्या पीडीएफ रंगीत. ज्यांनी मोबाईलवरून स्क्रीनशॉट काढून झेरॉक्सला दिल्या त्यांना विचारा काय आलं ते, निळी चौकट होती तिथं काळोख. अण्णांच्या मुलानं मूळ फाईल मागवून रंग काढले, मागची छटा पांढरी केली आणि दोन पानं एका पानावर बसवून कागद वाचवला. सगळ्या दिवसांचे कागद छापणं परवडणारं नव्हतंच, त्यामुळं बाकीचं वहीत उतरवून घेतलं आणि फक्त चाचण्या रिसोवर. याच काळात घरोघरी टॅबलेट आणि कोर्स विकणारी मंडळी फिरत होती, हप्त्यानं घ्या म्हणायची, आमच्या एका पालकानं घेतलाही, टॅबची काच फुटली तरी हप्ते चालूच होते, कंपनीचं नाव घेत नाही, जाऊ दे.

आता तक्रारी, कारण एक स्टार उगाच नाही कापला.

टोनर संपत आला की ते शेवटपर्यंत ताणतात, मग शेवटच्या वीस-पंचवीस कॉप्या फिकट, आणि त्या नेमक्या मागच्या बाकावरच्या पोरांना जातात. गठ्ठा घेताना वरची कॉपी बघू नका, सगळ्यात खालची बघा. बॅक टू बॅक सांगितलं तर मागचं पान उलटं छापलं जातं कधीकधी, पोरं मान वाकडी करून पेपर सोडवतात. पक्कं बिल मागितलं की आज देतो उद्या देतो, आणि मुख्याध्यापकांना ते बिल लागतंच, त्यामुळं बिल हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. उधारीची वही आहे पण ती फक्त जुन्या गिऱ्हाइकांसाठी. आणि अण्णा बोलतात फार, दहा मिनिटांच्या कामाला पाऊण तास धरून चला, त्यात यंदाच्या गड्ड्याच्या (सिद्धेश्वरांच्या) यात्रेत काय महाग होतं ते पण ऐकावं लागेल.

कागद मात्र बरा वापरतात, पेन्सिलनं लिहून खोडलं तरी फाटत नाही, पहिली-दुसरीसाठी हे फार महत्त्वाचं आहे. स्वस्तातला पातळ कागद पण ठेवलाय त्यांनी, तो मोठ्या वर्गांना ठीक, लहानांना घेऊ नका, दोन पैसे वाचवायच्या नादात खोडरबरानं भोक पडतं.

शाळा उघडून इतकी वर्षं झाली तरी आमचे तिसरी-चौथीचे सोमवारचे कागद अजून तिथूनच निघतात, फक्त आता वर्गात वाटतो. जाणार असाल तर फाईल पीडीएफ करून पेन ड्राइव्हवर न्या, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवू नका, अक्षर फुटतं. कॉम्प्युटरचं काम असेल तर मुलगा असताना जा, तो दुपारी जेवायला जातो आणि अण्णा कॉम्प्युटरला हात लावत नाहीत. सहामाही आणि वार्षिकच्या आधीच्या आठवड्यात तर अजिबात जाऊ नका, अर्ध्या पूर्व भागाचे पेपर तिथंच छापत असतात, तुमचा नंबर लागेपर्यंत पोरांची परीक्षा होऊन जाईल.