नमुना एक, माल दुसरा : पाइपच्या जुन्या तंबाखूच्या खरेदीतील फसवणूक

पाइपच्या तंबाखूची जुनी मिश्रणे विकत घेणाऱ्यांना माझ्या बाबतीत घडलेला प्रकार तपशिलाने सांगणे मला आवश्यक वाटते, कारण फसवणुकीची ही पद्धत नेमकी चोखंदळ माणसालाच गाठते. चव घेऊन, तुलना करून, खात्री पटल्यावरच खरेदी करणारा ग्राहक सहसा फसत नाही, अशी समजूत आहे. येथे विक्रेत्याने चवीसाठी अस्सल नमुना पाठवला, तो मला पसंत पडू दिला आणि पूर्ण रक्कम हाती पडल्यावर त्याच नावाखाली भलताच माल माझ्या गळ्यात मारला.

अशा व्यवहारांना सध्या ऊत आला आहे, आणि त्याचे कारण उघड आहे. २०१८ मध्ये डनहिल या जुन्या ब्रिटिश नावाने निघणारी पाइपची तंबाखू बंद झाली. त्यांतील बरीच मिश्रणे पुढे पीटरसन या आयरिश नावाने मिळू लागली, तरी जुन्या नावाच्या डब्यांची ओढ कमी झाली नाही. त्याच वर्षी मुरलेल्या व्हर्जिनियासाठी, म्हणजे गोडसर पानाच्या तंबाखूसाठी, नावाजलेली अमेरिकेतील मॅकक्लेलंड कंपनीही बंद पडली. सीरियन लताकिया ही धुरीची तंबाखू तर बाजारातून जवळजवळ नाहीशीच झाली आहे. जे काही उरले आहे ते खासगी संग्राहकांच्या कपाटांत आहे, आणि तेथून निघणाऱ्या बरणीत खरोखर काय आहे हे विक्रेत्याच्या शब्दावरच ठरते.

मला देऊ केलेले मिश्रण सीरियन लताकिया, ओरिएंटल पान (तुर्कस्तान-ग्रीसकडचे उन्हात वाळवलेले लहान पान) आणि जुनी व्हर्जिनिया यांचे असल्याचे सांगण्यात आले होते. लताकिया म्हणजे जळत्या लाकडांची धुरी देऊन तयार केलेले पान. नाव सीरियातील बंदराचे असले, तरी आज मिळणारी लताकिया बहुतेक सायप्रस पद्धतीची असते. ती अधिक काळी असते, तिचा वास चामड्याकडे झुकणारा आणि धूर गोडसर व जड असतो. सीरियन पान त्या मानाने तपकिरी, त्याचा धूर कोरडा, किंचित तिखट आणि द्राक्षाच्या मद्याची आठवण करून देणारा असतो. नमुना तंतोतंत असाच होता. पाइप पेटवल्यावर प्रथम तो कोरडा धूर जिभेवर आला, पाइपची वाटी, म्हणजे तंबाखू भरण्याचा भाग, अर्ध्यावर आल्यावर ओरिएंटल पानाचा आंबूस, लाकडी वास वर आला आणि तळाशी व्हर्जिनियाची गोडी उरली. राख बारीक आणि फिकट करडी पडली, वाटीच्या तळाला ओल राहिली नाही. तो नमुना अस्सल होता, असे मी आजही म्हणतो, कारण सगळा डाव त्याच्याच जोरावर खेळला गेला.

मोठ्या बरण्या आल्या तेव्हा झाकण काढताच धुराचा वास आला, आणि बहुतेकांचे तेवढ्यावरच समाधान झाले असते. मी मात्र नमुन्याचा काही भाग काचेच्या लहान बाटलीत घट्ट झाकून ठेवलेला होता. पांढऱ्या कागदावर दोन्ही शेजारी शेजारी पसरल्यावर फरक डोळ्यांना दिसू लागला. नमुन्यात पानांचे तीन रंग वेगवेगळे ओळखू येत होते. ओरिएंटलचे पिवळसर, हिरवट झाक असलेले चुरे, व्हर्जिनियाचे विटकरी धागे आणि लताकियाचे गडद तपकिरी तुकडे. बरणीतील तंबाखूत काळा रंगच पुढे होता आणि तो सगळीकडे एकसारखा होता. त्यातले काळे तुकडे चिमट्याने वेगळे काढून बोटांत चुरडले, तेव्हा बहुतेकांना धुराचा वासच नव्हता. तो ब्लॅक कॅव्हेंडिश होता, म्हणजे वाफ आणि दाब देऊन काळी व मऊ केलेली साधी तंबाखू. तिने मिश्रणाला रंग आणि भरीवपणा येतो, पण लताकियाचा गुण येत नाही. वास येण्यापुरती सायप्रसची लताकिया तीत मिसळलेली होती. रात्रभर उघड्यावर ठेवल्यावर नमुना कुरकुरीत झाला आणि बरणीतील तंबाखू सकाळीही हाताला ओलसरच लागत होती. ओल धरून ठेवण्यासाठी आजच्या अनेक मिश्रणांत प्रॉपिलीन ग्लायकॉल घालतात, त्यात गैर काही नाही. परंतु ‘काहीही न मिसळलेली जुनी तंबाखू’ म्हणून विकलेल्या मालाने असे वागू नये.

विक्रेत्याला हे कळवल्यावर त्याने जी उत्तरे दिली, ती या प्रकरणातील सर्वांत घातक बाब आहे असे मला वाटते. माझ्या पाइपमध्ये आधीच्या तंबाखूचा वास मुरला आहे, मी तंबाखू पुरेशी सुकवली नाही, वाटी दाबून भरली, भराभर झुरके घेतल्याने जीभ पोळली, असे एकेक कारण तो पुढे करीत गेला. यातील प्रत्येक गोष्ट स्वतंत्रपणे खरी असू शकते. पाइप ज्याचे बनवतात त्या ब्रायरच्या लाकडात लताकियाचा वास खरोखरच मुरतो आणि पुढच्या तंबाखूची चव बिघडवतो. ओल्या तंबाखूने जीभ खरोखरच पोळते. नवख्या माणसाला अशी उत्तरे मिळाली, तर तो स्वतःच्या जिभेवरच संशय घेईल आणि तक्रार तेथेच सोडून देईल.

ही पळवाट बंद करण्यासाठी मी भाजक्या मातीचे दोन कोरे पाइप घेतले. मातीच्या पाइपला स्वतःची चव जवळजवळ नसते आणि तो विस्तवात तापवून पुन्हा निर्मळ करता येतो. दोन्ही तंबाखू हाताला सारख्याच कोरड्या लागेपर्यंत सुकवल्या, सारख्या वजनाने भरल्या आणि पाइप ओढणाऱ्या एका स्नेह्यांना, कोणत्या पाइपमध्ये काय आहे हे न सांगता, ओढायला दिल्या. मध्ये पाण्याने तोंड स्वच्छ करण्याइतका अवकाश ठेवला. या दोन तंबाखू एकाच मिश्रणाच्या असणे शक्य नाही, असे त्यांनी अर्धी वाटी संपण्याच्या आतच सांगितले.

याच व्यवहारात मुरलेल्या व्हर्जिनिया फ्लेकचा, म्हणजे दाबून कापलेल्या पातळ चकत्यांचा, एक ‘न उघडलेला’ डबाही आला होता. हवाबंद गोल डब्याचे झाकण आतल्या निर्वातामुळे घट्ट बसलेले असते. कडेला नाणे घालून उचकटले की हवा आत शिरल्याचा आवाज येतो. या डब्याचे झाकण हातानेच फिरले. जुन्या डब्याची पकड आपोआपही सुटू शकते, म्हणून एवढ्यावरून निष्कर्ष काढणे योग्य झाले नसते. आत मात्र व्हिनेगरचा भपकारा होता. मॅकक्लेलंडच्या व्हर्जिनियाला उघडताना व्हिनेगरसारखा, टोमॅटो केचपसारखा वास येत असे, हे जाणकारांना ठाऊक आहे, आणि त्याच ओळखीचा येथे गैरफायदा घेतला होता. कागदावर पसरल्यावर तो वास उडून गेला आणि मागे ताज्या गवतासारखा कच्चा वास राहिला. खऱ्या मुरलेल्या फ्लेकमध्ये आंबूस वास ओसरल्यावर सुक्या अंजिराची, मनुकांची गोडी जाणवते. पाइपचा धूर छातीत न घेता तोंडात खेळवतात, तरी तंबाखूचे धोके त्याने टळत नाहीत. त्यात वरून काय शिंपडले आहे हेही माहीत नसलेला पदार्थ कोणी जाळून तोंडात घ्यावा, याचा मला मनस्वी संताप येतो.

पैसे परत मिळाले नाहीत. छायाचित्रे आणि चाचणीचा तपशील पाठवल्यावर विक्रेत्याने कानांवर हात ठेवले आणि पुढे उत्तर देणेच बंद केले. आता मी नमुना आणि माल एकाच बरणीतील असल्याचे लेखी मागतो, अर्धी रक्कम माल तपासल्यानंतरच देतो आणि पुडके उघडतानाचे सलग चित्रण करून ठेवतो. प्रामाणिक संग्राहकांनी याला आजवर हरकत घेतलेली नाही. ‘नमुना आवडला ना, मग आणखी काय हवे’ असे जो म्हणतो, त्याच्याशी मी व्यवहार तेथेच थांबवतो. माझ्याकडे आलेल्या बरण्यांची तीच छायाचित्रे त्यानंतर दुसऱ्या नावाने विक्रीला लावलेली मी पाहिली आहेत, आणि तेथेही आधी नमुना मोफत पाठवण्याची तयारी दाखवलेली आहे.