हँडहेल्डमधले रेडिओ: आठ महिन्यांच्या वापरानंतर

भिवंडीकडच्या पत्र्याच्या गोडाऊनमध्ये दोन शिफ्ट चालणाऱ्या अँड्रॉइड हँडहेल्डबद्दल, म्हणजे हातात धरायच्या बारकोड स्कॅनर मशीनबद्दल, हे लिहितोय. काम नेहमीचं: माल लावणं, पिकिंग, मोजणी, आणि कमरेच्या ब्लूटूथ प्रिंटरवर लेबल. स्कॅनरला नावं ठेवायला जागा नाही. फाटलेल्या लेबलवरचा कोडही तो उचलतो. डोकं खातात ते आतले रेडिओ. वायफाय, ब्लूटूथ, सिमचा मोडेम, जीपीएस, एनएफसी, आणि खोक्यातून निघताना बहुतेक सगळे चालूच.

बॅटरी सगळ्यात आधी मोडेम खातो. पत्र्याखाली मोबाईलची रेंज तुटपुंजी, त्यामुळे तो सतत टॉवर शोधत राहतो. सिम काढलं तरी शोध थांबत नाही, कारण इमर्जन्सी कॉलसाठी त्याला नेटवर्क लागतं. सोपा उपाय म्हणजे विमान मोड लावून वायफाय आणि ब्लूटूथ हातानं परत चालू करणं. पण कुणी वरची पट्टी खाली ओढली आणि बोट लागलं की ‘वायफाय गेलं’ म्हणून बोंब. म्हणून मोडेम एमडीएममधूनच (सगळी मशीन एका जागेवरून सांभाळणारं सॉफ्टवेअर) बंद करा आणि त्या पट्टीलाही कुलूप लावा. ‘स्थान’मधलं वायफाय स्कॅनिंग आणि ब्लूटूथ स्कॅनिंगही बंद करा. ती चालू असतील तर वायफाय ‘बंद’ केल्यावरही रेडिओ अधूनमधून हवा चाचपतो.

खरी डोकेदुखी रोमिंगची, म्हणजे चालता चालता एका वायफाय पॉइंटवरून दुसऱ्यावर जाण्याची. पिकर एका रॅकच्या ओळीतून दुसरीत वळतो, ट्रिगर दाबतो, बीप येतो आणि स्क्रीनवर गोल फिरत बसतो. वर कांड्या मात्र पूर्ण! कारण बहुतेकदा असं की ऍक्सेस पॉइंट (वायफाय देणारा डबा) पूर्ण ताकदीवर ठेवलेला असतो. त्याचा आवाज हँडहेल्डला नीट ऐकू येतो, पण हँडहेल्डचा क्षीण आवाज लोखंडी रॅक आणि मालाच्या भिंतीतून त्याच्यापर्यंत पोचत नाही. अशा वेळी ताकद वाढवायची नाही, उतरवायची. पॉइंट हवं तर एखाददुसरा वाढवा. कामाच्या प्रत्येक जागी निदान उणे ६७ डीबीएम सिग्नल मिळावा (आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार), आणि मोजणी हँडहेल्डवरच करावी. लॅपटॉपचा अँटेना मोठा, तो गोड खोटं बोलतो.

हँडहेल्डमध्ये रोमिंगची मर्यादा (सिग्नल किती उतरला की दुसरा पॉइंट शोधायचा) बदलता येत असेल तर उणे ७० च्या आसपास ठेवा. उणे ८० वर ठेवली तर मशीन मेलेल्या पॉइंटला चिकटून राहतं. फार वर नेली तर उगाच इकडून तिकडे उड्या मारतं. बँड फक्त ५ गिगाहर्ट्झ, चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ, चॅनेल ३६ ते ४८ आणि १४९ ते १६५. एकूण नऊ चॅनेल, पुरतात. मधल्या ५२ ते १४४ वर रडारला त्रास न देण्याचा नियम लागू असल्यानं हँडहेल्ड स्वतःहून हाक मारत नाही, पॉइंटच्या बीकनची (‘मी इथे आहे’ अशा ठरावीक हाकेची) वाट बघत बसतो. बीकन साधारण दर १०२ मिलिसेकंदांनी येतो. एवढे चॅनेल असे चाळायचे म्हणजे ओळ संपली तरी शोध चालूच.

२.४ गिगाहर्ट्झ प्रिंटरसाठी मोकळा सोडावा. ब्लूटूथही तिथेच राहतं, आणि वायफायची गर्दी झाली की लेबल अडखळत येतं. जुन्या मशीनसाठी तो बँड ठेवावाच लागला तर चॅनेल १, ६, ११. एखाद्यानं १३ लावला आणि मशीनचा देश अमेरिका निघाला, तर नेटवर्क यादीत दिसतच नाही. प्रिंटर सहसा एका वेळी एकाच मशीनला धरतो. शिफ्ट बदलताना आधीच्यानं सोडला नसेल तर नव्याला ‘जोडता आला नाही’ दिसतं; जोडी पुसण्याआधी जुनं मशीन शोधा.

वायफायवर विनाकारण खापर फुटतं असं एक प्रकरण: स्क्रीन बंद करून मशीन पाच-दहा मिनिटं टेबलावर ठेवलं की ॲपमधून लॉगआउट. अँड्रॉइड बॅटरी वाचवायला ॲपचं नेट रोखतो. स्टॉकच्या ॲपला बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून सूट दिली की प्रश्न मिटतो. वायफायची परवानगी मॅक पत्त्यावर (प्रत्येक मशीनच्या वायफायचा स्वतःचा क्रमांक) दिलेली असेल तर त्या नेटवर्कपुरता ‘डिव्हाइसचा मॅक’ निवडा. नाहीतर फॅक्टरी रीसेटनंतर बनावट पत्ता बदलतो आणि मशीन बाहेर.

पासवर्डऐवजी डिजिटल प्रमाणपत्रावर चालणाऱ्या वायफायला बरोबर घड्याळ लागतं, कारण प्रमाणपत्राला मुदत असते. मोडेम बंद आणि नेटवर्कला इंटरनेट नाही, म्हणजे वेळ कुठूनच मिळत नाही. एमडीएममध्ये आतल्या टाइम सर्व्हरचा पत्ता घाला. बॅटरी काढून महिनाभर कपाटात पडलेलं मशीन ऑथेंटिकेशनला अडकलं, तर आधी तारीख बघा, प्रमाणपत्राला नंतर हात लावा.