लिंबू-मीठ लावलं आणि आठशे वर्षं धुऊन निघाली

बीजिंगमधल्या मुक्कामाच्या शेवटच्या रविवारी जुन्या वस्तूंच्या बाजारात मी ४,२०० युआन, म्हणजे आपले जवळपास पन्नास हजार रुपये घालवले. हाव माझीच होती. तरी डाव कसा टाकतात ते सांगतो.

वस्तू होती काळ्या झिलईचा चहाचा वाडगा. जपानी लोक त्याला तेन्मोकू म्हणतात. चीनच्या फूजियन प्रांतात, सोंग राजवटीत (दहावं ते तेरावं शतक) हे वाडगे भाजले जात. तेव्हा चहाची पूड गरम पाण्यात घुसळून पांढरा फेस आणत. तो उठून दिसावा म्हणून वाडगा काळा, त्यावर सशाच्या केसांसारख्या बारीक रेघा. सम्राट ह्वेइझोंगनेसुद्धा चहावरच्या आपल्या ग्रंथात अशा वाडग्यांची तारीफ केली आहे. एवढं मी वाचून होतो, आणि तेच नडलं.

विक्रेता ‘जुना आहे’ असं एकदाही म्हणाला नाही! २०१६ साली न्यूयॉर्कला असाच एक वाडगा १ कोटी १७ लाख डॉलरला गेल्याची बातमी त्याने फोनवर दाखवली. मग माझ्या हातातला वाडगा उलटा केला. बुडाला वाळलेला चिखल, त्याखाली दोन अक्षरं: ‘गोंग यू’, दरबारासाठी. शेवटी हळूच म्हणाला, विमानतळावर काढून दाखवू नका. १९११ च्या आधीच्या वस्तू चीनबाहेर न्यायला बंदी आहे, हे मला माहीत होतं. बंदीची भीती घालतोय म्हणजे माल खरा, असं मीच ठरवून टाकलं.

घरी आईने तांब्याच्या भांड्यांबरोबर तोही लिंबू-मिठाने घासला. बुडाचा तपकिरी रंग तिच्या बोटांवर उतरला आणि खाली फिकट माती निघाली. खऱ्या वाडग्याच्या मातीत लोह भरपूर, ती आतपर्यंत गडद असते. मग भिंग लावलं. अक्षरांच्या कडांचे टवके उडालेले, म्हणजे भाजल्यानंतर कोरलेली. खरी अक्षरं कच्च्या मातीत उमटवलेली, कडा मऊ.

आणि माती गडद निघाली तरी भुलू नका. जुन्या भट्ट्यांजवळ भाजताना बिघडलेल्या मालाचे ढीग आहेत. त्यातल्या खऱ्या तुकड्यांवरही नवी अक्षरं कोरून विकतात. वाडगा आवडलाच तर तिथलेच आजचे कुंभार नवा म्हणून बनवतात, तो घ्या. चहाला झकास.

मी माझा मोज्यात गुंडाळून नेत होतो, घामाघूम. स्कॅनरवरच्या माणसाने पडद्याकडे एकदा पाहिलं आणि जांभई देत बॅग पुढे ढकलली.