हिगाशी-चिचिबूचं हातकागदाचं गाव : जळगावच्या प्रेसवाल्याचा अनुभव

आपल्याकडून जपानला जाणारे लोक आता बरेच झालेत, कोणाचा पोरगा तिकडे नोकरीला, कोणाची मुलगी शिकायला, आणि सगळे टोकियो, फुजी, बुलेट ट्रेन एवढं करून परत येतात. माझं म्हणणं एवढंच की त्यातला एक दिवस काढा आणि हिगाशी-चिचिबूला जाऊन हातानं कागद करून या. मी फेब्रुवारीत गेलो होतो, आमची ही, पोरगा आणि सूनबाई असे चौघं, आणि परत येऊन इतके दिवस झाले तरी दुकानात बसलो की तेच आठवतं.

माझं जळगावात छोटं प्रेस आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, पावतीपुस्तकं, शाळांची प्रगतीपुस्तकं. बावीस वर्षांपासून रोज रीमच्या रीम हाताखालून जातात, कागद बोटात धरला की जीएसएम, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन किती ग्रॅम, ते सांगतो. पण कागद कसा होतो ते आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. पोरगा म्हणाला पप्पा तुम्हाला देवळं नाही, कागदाचं गाव दाखवतो, आणि खरंच त्यानं बरोबर ओळखलं होतं.

जायला सोपं आहे. टोकियोच्या इकेबुकुरोहून तोबू-तोजो लाइनची गाडी पकडायची, सव्वा तासात ओगावामाची स्टेशन येतं, तिथून बसनं डोंगरात. सैतामा प्रीफेक्चरमधे, म्हणजे त्यांच्या प्रांतात, बाकी सगळी शहरं नाहीतर टाउन, 'गाव' म्हणून उरलेलं हे एकटंच. दोन्ही बाजूंना डोंगर, मधून नदी, आणि थंडी अशी की आपल्या सातपुड्यातली तोरणमाळची थंडी काहीच नाही. बस फार नाहीत, परतीच्या बसचा टाइम उतरल्या उतरल्या मोबाइलमधे फोटो काढून ठेवा.

इथला कागद म्हणजे होसोकावा-शी. हे नाव मूळचं इथलं नाही, कोया डोंगराच्या पायथ्याशी होसोकावा नावाचं गाव होतं तिथल्या कागदाचं नाव, ती कला एदो काळात (१६०३ ते १८६८) इकडे आली आणि नाव पण सोबत आलं. १९७८ला जपान सरकारनं या कलेला राष्ट्रीय वारसा म्हणून मान दिला आणि २०१४ला युनेस्कोच्या यादीत आली, सोबत मिनो आणि हामादाकडचा कागद, अशा तीन ठिकाणच्या कलेला मिळून तो मान आहे.

आता खरा विषय. तिथं कागद लाकडाच्या लगद्याचा नसतो, कोझो नावाच्या झाडाच्या सालीचा असतो. आपल्या तुतीच्या खानदानातलं झाड. हिवाळ्यात पानं गळली की त्याच्या काठ्या कापतात, मोठ्या भांड्याखाली वाफवतात, मग साल सोलून घेतात, आणि वरचा काळा पापुद्रा सुरीनं खरवडून काढतात. मग पांढरी साल क्षाराच्या पाण्यात उकळायची, धुवायची, आणि मग थंड पाण्यात बसून एकेक काळा ठिपका, एकेक गाठ बोटानं वेचून काढायची. दोन बाया ते करत बसलेल्या पाहिल्या. आपल्याकडे तांदूळ निवडतात ना अगदी तसं, फक्त पाण्यात आणि मान वर न करता. आमची ही तर तिथून हलायलाच तयार नव्हती. त्यानंतर कुटायचं, म्हणजे सालीचे तंतू, आमच्या बोलीत रेषा, मोकळ्या होतात. कोझोची रेषा सेंटिमीटरभर लांब असते, आपण रोज वापरतो त्या लाकडाच्या कागदातली रेषा एक ते तीन मिलिमीटर, म्हणून आपला कागद चर्रकन फाटतो आणि त्यांचा फाडताना केस ओढल्यासारखं होतं.

पण मला सगळ्यात जास्त पटलं ते नेरी. टाकीतल्या पाण्यात रेषा सोडल्या की त्या खाली बसतात, गोळे होतात, म्हणून त्यात तोरोरो-आओई नावाच्या झाडाच्या मुळाचा चीक घालतात, तोच नेरी. शिकवणाऱ्या मावशीनं कापडी पिशवीतून तो चीक गाळून बोटावर धरला तर खालपर्यंत तार आली, आणि आमची ही पटकन बोलली, "हाई ते भेंडीनं पानी शे!" पोरानं भाषांतर केलं तर मावशी हसत टाळ्या वाजवायला लागली, कारण ते झाड खरंच भेंडीच्या कुळातलं आहे, फूल पण तसंच पिवळं आणि मधे गडद. या चिकानं रेषा पाण्यात तरंगत राहतात, पाणी जाळीतून हळूहळू खाली उतरतं आणि कागद सारखा बसतो. उन्हाळ्यात चीक पातळ होऊन जातो, थंडीत टिकतो, म्हणून चांगला कागद हिवाळ्याचा. मावशीच्या बाजूला गरम पाण्याची बादली ठेवलेली, मधे मधे हात त्यात बुडवायची आणि पुन्हा बर्फासारख्या पाण्यात. हात लालभडक झालेले.

मग आमचा नंबर. लाकडी चौकट असते, तिच्यात बांबूच्या बारीक काड्यांची चटई. चौकट टाकीत बुडवायची, पाणी उचलायचं, पुढं-मागं हलवायचं, थोडं आडवं पण, आणि शेवटी उरलेलं पाणी समोरच्या बाजूनं झटक्यात फेकून द्यायचं. मावशी करते तेव्हा पाण्याची एक लाट चटईवरून इकडून तिकडे जाते आणि एकच आवाज येतो, चपाक, चपाक, एका लयीत. मी केलं तर पहिल्या खेपेला मधेच भोक पडलं. दुसऱ्या खेपेला एक कड जाड, एक कड पातळ. मावशीनं मागून माझी दोन्ही मनगटं धरली, काही बोलली नाही, नुसतं माझ्या हातातून हलवलं, आणि तिसरा कागद बसला. बावीस वर्षं कागदात घालवलेल्या माणसाला कागद पहिल्यांदा असा ओला, जिवंत दिसला, डोळ्यात पाणी आलं माझ्या, खोटं कशाला सांगू.

आणि एक गोष्ट प्रेसवाल्यांसाठी खास. ते ओले कागद एकावर एक ठेवत जातात, मधे कापड नाही, प्लास्टिक नाही, काहीच नाही. शेकडो ओल्या शीटची थप्पी, मग हळूहळू दाब देऊन पाणी काढतात, आणि नंतर एकेक शीट अलगद सुटते. हे पण त्या भेंडीच्या भावाचंच काम. आपल्याकडे कोरडे कागद पावसाळ्यात एकमेकांना चिकटतात तर मशीनमधे डबल शीट जाते आणि अर्धा दिवस खराब होतो! नंतर लाकडी फळ्यांवर ब्रशनं चिकटवून उन्हात वाळवायचे, ही जुनी पद्धत. ऊन पडलं की फळ्यांवर कागद वाळतो आणि पैसा होतो म्हणून तिथं एक म्हणच आहे, पिक्कारी सेनर्यो, म्हणजे ऊन चमकलं की हजार र्यो, र्यो म्हणजे त्यांची जुनी सोन्याची मोहर. आम्ही केलेले गरम पत्र्यावर वाळवून त्याच दिवशी हातात दिले.

कोर्स निवडताना एक सांगतो. पोस्टकार्डाचा छोटा असतो, त्यात पानं-फुलं टाकून देतात, लहान मुलं असतील तर तो छान. पण ज्याला मनापासून शिकायचं त्यानं मोठ्या शीटचाच घ्यावा, आधी फोन करून बुकिंग करून, आणि जपानी येणारं कोणीतरी सोबत ठेवा. हिवाळ्यातच जा, तेव्हाच कोझो सोलणं-खरवडणं बघायला मिळतं.

हा कागद कशाला वापरायचे माहितीय? एदोच्या, म्हणजे जुन्या टोकियोच्या, व्यापाऱ्यांच्या खातेवह्यांना. तिथं सांगतात की आग लागली की व्यापारी आधी वही विहिरीत फेकायचा, आग विझली की काढून वाळवायची, कागद शाबूत आणि शाई पण तशीच. हे ऐकलं आणि मला आमच्या आजोबांची लाल कापडाची रोजमेळाची वही आठवली, मारवाडी पेढीवरून आणलेली, तिचा कागद पण असाच जाड, खरबरीत, कडेला बोटानं लव लागायची.

आणि मग बसमधे बसल्यावर एरंडोल आठवलं. आपल्या किती लोकांना माहितीय की एरंडोल आणि यावल एकेकाळी हातकागदासाठी नावाजलेली गावं होती? इंग्रजांच्या काळच्या गॅझेटियरमधे दोघांचं नाव जाड देशी कागदासाठी लिहिलेलं आहे, तेव्हाच धंदा उतरणीला लागलेला. मी कितीदा धुळे रोडनं एरंडोलवरून गेलोय, पांडववाडा पाहिलाय, पण कागदाचं कोणी सांगितलं नाही. हिगाशी-चिचिबूत पण मिलचा कागद आलाच ना, तिथले पण कारखाने बंद पडले, पण काही घरांनी सोडलं नाही, गावानं केंद्र उभं केलं, शाळेच्या पोरांना टाकीवर उभं केलं. आपल्याकडे दौलताबादजवळ कागजीपुऱ्यात अजून हातकागद होतो. आणि रावेर-यावलच्या शेतात केळीचं खोड बांधावर सडतं. जपानच्या नोटांच्या कागदात मित्सुमाता नावाच्या झुडपाच्या सालीसोबत अबाका लागतो, अबाका म्हणजे केळीच्याच जातीचं झाड! मी मावशीला मोबाइलवर केळीच्या बागेचा फोटो दाखवला, तिनं खोडाच्या फोटोवर बोट ठेवून विचारलं, रेषा किती लांब निघते? मला उत्तर देता आलं नाही. आल्यावर एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून खोडाचे तीन पापुद्रे आणलेत, ताटलीत भिजत घातलेत, चाललंय बघणं.

खरेदीचं सावध करतो. टोकियोत एका टुरिस्ट दुकानात 'हातकागद' म्हणून मी आधीच एक रोल घेतला होता, चांगले पैसे मोजून. गावातला कागद पाहिल्यावर कळलं की तो मशीनचा. ओळखायचं कसं तर उजेडात धरा, हातकागदात बांबूच्या काड्यांच्या बारीक रेघा दिसतात आणि लांब रेषा आडव्यातिडव्या गुंतलेल्या, न कापलेल्या कडा मऊ, झिरझिरीत असतात. कोपरा थोडा फाडून बघू देत नसतील तर घेऊ नका.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहारी माणसानं डबा न्यावा, सोबा-उदोन म्हणजे त्यांच्या नूडल्स, त्यांच्या रश्शात माशाचा अर्क असतो. सूनबाईनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधली होती, नदीकाठी बाकावर बसून खाल्ली, एवढ्या थंडीत त्याची चव वेगळीच.

पाचपैकी पाच देतो. माझे दोन कागद पुठ्ठ्याच्या नळीत घालून जळगावला आणलेत. भोक पडलेला गल्ल्यावर काचेखाली लावलाय, पत्रिका छापायला येणारे विचारतात आणि मी सगळं पहिल्यापासून सांगतो. चांगला बसलेला दिवाळीसाठी ठेवलाय, लक्ष्मीपूजनाच्या वहीचं पहिलं पान म्हणून. बोरू कापून तयार आहे.